विज्ञानमालिकेतला पुढचा धक्का कुठून येणार, हे आधी कसं ओळखायचं

ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’च्या पाचव्या भागात अ‍ॅश टायलर नावाचा कैदी क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढवय्या लोकांच्या तुरुंगात पहिल्यांदा दिसला. जानेवारी २०१८ मध्ये, अकराव्या भागात, हा टायलर म्हणजे माणसाचं रूप दिलेला व्होक हा क्लिंगॉनच आहे, हे उघड झालं. अनेक प्रेक्षकांनी मात्र ही गोष्ट कितीतरी आठवडे आधीच सांगून ठेवली होती. त्यांच्या हातात तीन गोष्टी होत्या. व्होक चौथ्या भागानंतर दिसेनासा झाला होता. जाण्याआधी त्याला सर्वस्वाचा त्याग करावा लागेल असं बजावलं गेलं होतं. आणि श्रेयनामावलीत व्होकच्या भूमिकेसमोर जाविद इक्बाल हे नाव होतं, पण या नटाचं दुसरं काम किंवा एखादी मुलाखत कुणाला कुठेच सापडत नव्हती. ते नाव खोटं होतं. दोन्ही भूमिका शझाद लतीफच करत होता.

वणीच्या पानठेल्यावर, आरमोरीच्या अभ्यासिकेत किंवा दारव्ह्याच्या बसस्टँडवर मालिकांवरून वाद घालणाऱ्या पोरापोरींना याच कामाची पद्धत हवी असते. ‘मला वाटतं तो मेला नसेल’ हा झाला नुसता अंदाज. ‘तो मेला नाही, कारण अमुक तीन गोष्टी दिसल्या, आणि तो खरंच मेला असता तर त्यातली तिसरी दिसलीच नसती’ ही झाली थिअरी. दुसरी गोष्ट शिकता येते.

पुढे ‘वेस्टवर्ल्ड’चा पहिला सीझन, ‘डार्क’चा पहिला सीझन, ‘सेव्हरन्स’चा दुसरा सीझन आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ यांतली मोठी रहस्यं उघड केली आहेत. ज्यांना ती मालिकेतूनच कळायला हवीत त्यांनी आधी त्या पाहून घ्याव्यात.

सुरुवात नियमापासून करायची. विज्ञानकथेच्या जगात आपल्या जगापेक्षा एक-दोन गोष्टी वेगळ्या असतात, आणि त्या पहिल्या दोन-तीन भागांतच सांगून टाकलेल्या असतात. चांगल्या मालिकेतला मोठा धक्का जवळजवळ नेहमी याच नियमातून निघतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर पात्रांची नावं लिहिण्याऐवजी त्या जगाचा नियम एका वाक्यात लिहा आणि त्याखाली एकच प्रश्न लिहा: या नियमामुळे मालिका करणाऱ्यांना माझ्यापासून काय लपवता येतं?

‘वेस्टवर्ल्ड’ घ्या. २ ऑक्टोबर ते ४ डिसेंबर २०१६ या काळात पहिल्या सीझनचे दहा भाग आले. नियम असा की पाहुण्यांच्या करमणुकीसाठी उभारलेल्या बागेतले (थीम पार्कमधले) ‘होस्ट’ हे माणसासारखे दिसणारे यंत्रमानव आहेत, त्यांचं वय वाढत नाही आणि त्यांची आठवण पुसता येते. यातून काय लपतं? काळ लपतो. सिनेमात वीस-तीस वर्षं उलटली हे आपण पात्रांच्या पिकलेल्या केसांवरून ओळखतो. ज्या दृश्यात बहुतेक पात्रांचे केस पिकूच शकत नाहीत, ते दृश्य आजचं की तीस वर्षांपूर्वीचं, हे कळायला मार्गच उरत नाही. दुसऱ्या भागात विल्यम नावाचा भला तरुण पाहुणा बागेत येतो. दुसरीकडे काळ्या कपड्यांतला एक क्रूर म्हातारा याच बागेत फिरत असतो आणि आपण तीस वर्षांपासून इथे येतोय असं सांगतो. डोलोरेस ही होस्ट दोघांनाही भेटते आणि दोन्हीकडे सारखीच तरुण दिसते. नियम नीट लिहिला असेल तर शंका आपोआप येते: हे दोघं एकच तर नाहीत? ते एकच होते. मालिकेने हे दहाव्या भागात सांगितलं, पण प्रेक्षकांत ही चर्चा ऑक्टोबरमध्येच सुरू झाली होती.

‘डार्क’चा नियम वेगळा. जर्मनीतल्या विंडेन या काल्पनिक गावातल्या गुहेतून ३३ वर्षं मागे किंवा पुढे जाता येतं: १९५३, १९८६, २०१९. इथे काळ उघड सांगितलेला असतो, पडद्यावर सालसुद्धा लिहून येतं. मग लपतं काय? ओळख. एकच माणूस दोन वयांत, दोन नावांनी समोर येऊ शकतो. ‘सेव्हरन्स’मध्ये नोकरीसाठी मेंदूवर शस्त्रक्रिया होते आणि ऑफिसातल्या माणसाला बाहेरचं काही आठवत नाही, बाहेरच्याला आतलं आठवत नाही. इथे चेहरा एकच राहतो, पण आत या क्षणी कोण जागं आहे हे लपवता येतं. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त सायलॉन हे माणसांशी लढणारे यंत्रमानव हुबेहूब माणसासारखे दिसतात आणि काहींना तर आपण सायलॉन आहोत हे स्वतःलाही माहीत नसतं, त्यामुळे कोणाबद्दलही शंका घ्यायला जागा आहे. म्हणूनच ती मालिका ओळखायला सगळ्यात अवघड. जो नियम सगळ्यांना लागू पडतो तो कुणाकडेच बोट दाखवत नाही.

नियम आणि प्रश्न लिहून झाले की नोंदींकडे वळा. इथे गावाकडच्या प्रेक्षकाच्या काही खास अडचणी आहेत. नेटफ्लिक्सच्या सगळ्यात स्वस्त मोबाइल प्लॅनवर चित्र ४८० पी दर्जाचं येतं. त्यात भिंतीवरच्या कागदावरचा मजकूर, घड्याळातली वेळ, फाइलवरचा शिक्का वाचता येत नाही. अशा चित्रावरून ‘मागे अमुक लिहिलंय’ असं ठामपणे सांगणं धोक्याचं. एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, उलट डेटा वाचवण्याच्या सेटिंगवर १ जीबीत साधारण सहा तास निघतात. म्हणून गटाने काम वाटून घ्यावं. सगळ्यांनी कमी डेटात पूर्ण भाग पाहावा, शंकेच्या जागेचं मिनिट आणि सेकंद लिहावं, आणि ज्याच्या घरी वायफाय व मोठा पडदा आहे त्याने फक्त त्या जागा तपासून सांगाव्यात. तालुक्याच्या गावी वायफायवर भाग डाउनलोड करून आणत असाल तर एक लक्षात ठेवा: काही मालिकांचं डाउनलोड एकदा सुरू केल्यावर ४८ तासांत संपतं. रात्री लाइन गेली, दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जावं लागलं, की भाग अर्धवट राहून जातो. म्हणून दुसऱ्यांदा पाहायला वेळ असेल तेव्हाच सुरू करा.

स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नका. बहुतेक ओटीटी अ‍ॅपमध्ये तो काळा येतो. ट्रेलरचं तसं नाही. यूट्यूबवर संगणकात ट्रेलर थांबवून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं, स्वल्पविरामाने मागे येतं. मोबाइलवर वेग ०.२५ करून पाहता येतं.

वहीत चार रकाने पुरतात: भाग आणि वेळ, काय दिसलं किंवा ऐकू आलं, त्याचा साधा अर्थ, आणि त्याचा लपलेला अर्थ. तिसरा रकाना रिकामा सोडायचा नाही. बहुतेक थिअऱ्या तिथेच घसरतात, कारण साधा अर्थ सुचूनही लिहायचा कंटाळा केलेला असतो. पहिल्यांदा पाहताना काहीच लिहू नये, गोष्ट गोष्टीसारखी बघावी. दुसऱ्यांदा पाहताना वही घ्यावी.

हिंदी डबिंगमध्ये पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजीत ‘जो आला’ की ‘जी आली’ हे सहज झाकता येतं, पण हिंदी क्रियापदाला बऱ्याचदा लिंग घ्यावं लागतं. त्यामुळे डबिंगमधल्या ‘आया’ किंवा ‘आई’वरून गुन्हेगार पुरुष की बाई हे ठरवू नका, तेवढं वाक्य मूळ भाषेत ऐका. तसंच ‘वेस्टवर्ल्ड’मधलं बर्नार्ड लो हे नाव आर्नोल्ड वेबर या नावाचीच रोमन अक्षरं उलटसुलट करून बनवलं आहे; देवनागरीत लिहून ते कधीच सापडलं नसतं. श्रवणदोष असलेल्यांसाठीची सबटायटल्सही एकदा लावून पाहावीत. त्यात बोलणाऱ्याचं नाव येतं आणि कधी कधी अंधारातला आवाज कोणाचा हे तिथेच कळून जातं.

आता मुख्य काम: पुराव्याचं वजन. त्यासाठी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारइतकं चांगलं उदाहरण नाही. काळ्या पाषाणातला तो जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा ज्वालामुखीने झाला की उल्कापाताने, यावर फार वर्षं वाद होता. खड्डा गोल आहे, कडा उचललेल्या आहेत, आत पाणी आहे, पण ही लक्षणं दोन्ही मतांना चालत होती. मग तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट ही काच सापडली आणि १९७३ मध्ये तसं प्रसिद्ध झालं. फेल्डस्पार या खनिजावर अतिप्रचंड दाबाचा तडाखा बसला तरच ही काच बनते. ज्वालामुखीत तसा दाब येत नाही. एका पुराव्याने वाद मिटला, कारण तो एकाच मताला चालणारा होता.

मालिकेतल्या प्रत्येक खुणेला हाच प्रश्न विचारायचा: माझी थिअरी खोटी असती तरी ही खूण इथे दिसली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर ती खूण गोल खड्ड्यासारखी आहे. वहीत ठेवा, पण वजन देऊ नका. उत्तर ‘नाही’ असेल तर तुमच्या हाती काच लागली.

‘सेव्हरन्स’चा दुसरा सीझन १७ जानेवारी २०२५ ला सुरू झाला. ऑफिसात परतलेली हेली ही खरी आतली हेली नसून बाहेरची हेलेना ईगन आहे, अशी शंका लगेच आली, कारण पहिल्या सीझनच्या शेवटी आतली माणसं थोडा वेळ बाहेर जागी झाली तेव्हा काय पाहिलं, यावर ती सहकाऱ्यांशी धडधडीत खोटं बोलते. रात्री बागकाम करणारा कुणीतरी भेटल्याची गोष्ट ती रचून सांगते. ही खूण जबर वाटते. पण तपासा. पहिल्या सीझनच्या शेवटी आतल्या हेलीला कळलेलं असतं की आपण ज्या कंपनीचा तिरस्कार करतो तिच्या मालकाचीच मुलगी आहोत. मग ती शरमेने खोटं बोलणार नाही का? नक्की बोलेल. म्हणजे खूण दोन्हीकडे चालते. थिअरी खरी निघाली, चौथ्या भागात अर्विंग या सहकाऱ्याने ते उघडं पाडलं, तरीही एवढ्या एका खोट्याच्या जोरावर जो खात्रीने बोलत होता त्याची खात्री उसनीच होती. खरी शोधायची जागा लिफ्ट होती. पहिल्या सीझनमध्ये आतला-बाहेरचा बदल लिफ्टमध्ये कॅमेऱ्याच्या एका ठरावीक हालचालीने दाखवला जातो. तो बदल कोणाचा दाखवला आणि कोणाचा दाखवायचं टाळलं, याचीच नोंद ठेवायला हवी होती. मालिकेने स्वतः ठरवलेली दाखवण्याची रीत मोडली की तिथे थांबायचं.

‘डार्क’मध्ये काच पहिल्याच भागात ठेवलेली आहे. २१ जून २०१९ ला मायकेल कानवाल्ड गळफास घेतो आणि मागे पत्र ठेवतो: ४ नोव्हेंबर, रात्री १० वाजून १३ मिनिटांच्या आधी उघडू नका. त्याच ४ नोव्हेंबरच्या रात्री ११ वर्षांचा मिकेल गुहेजवळून नाहीसा होतो. जूनमध्ये मेलेल्या माणसाला नोव्हेंबरमधली नेमकी रात्र आणि मिनिट ठाऊक असायला एकच मार्ग आहे, तो ती रात्र जगून आलेला असला पाहिजे. आता नियम लावा. ११ वर्षांचा मुलगा २०१९ मधून १९८६ मध्ये गेला आणि तिथेच राहिला, तर २०१९ येईपर्यंत तो ११ अधिक ३३, म्हणजे ४४ वर्षांचा होतो. गावात ४४ च्या आसपासचा, ज्याचं बालपण कुणी सांगत नाही असा पुरुष कोण? हे गणित पाचवीतलं पोरगंही करेल. काळाच्या मालिकेत म्हणूनच प्रत्येक पात्राच्या नावापुढे जन्मसाल लिहायचं आणि दर भागाला वयं तपासायची. वय जुळत नसेल तिथेच काहीतरी दडलेलं असतं.

‘वेस्टवर्ल्ड’मध्ये लोक बागेच्या बोधचिन्हावर फार बोलले. विल्यमच्या दृश्यांत ते एका घडणीचं आहे, इतरत्र दुसऱ्या. खूण चांगली आहे, पण मोठ्या बागेत जुन्या-नव्या पाट्या एकत्र असू शकतात. त्यापेक्षा आठव्या भागातलं दृश्य भारी आहे. विल्यम आला तेव्हा त्याचं स्वागत करणारी होस्ट काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्याला भेटते आणि तो तिला जुन्या ओळखीची म्हणून ओळखतो. आणि न दिसणाऱ्या गोष्टीकडेही बघा: विल्यम आणि तो म्हातारा कधीच एका चौकटीत येत नाहीत. अशी गैरहजेरी एक-दोन भागांत योगायोग असू शकते. आठ भाग टिकली तर ती जपून सांभाळलेली आहे असं समजायला हरकत नाही.

चुका कुठे होतात, त्यातल्या दोन सगळ्यात महाग. पहिली, मालिका करणाऱ्यांनी सगळं सुरुवातीपासून ठरवलं होतं असं धरून चालणं. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’त एकूण १२ सायलॉन नमुने, म्हणजे माणसासारखे १२ वेगवेगळे चेहरे. त्यातल्या शेवटच्या पाचांपैकी चार जण मार्च २००७ मध्ये, तिसऱ्या सीझनच्या अखेरीस उघड झाले. ते कोण असावेत हे लेखकांनी त्याच सीझनच्या सुमारास ठरवलं होतं. म्हणजे पहिल्या सीझनमध्ये त्या चौघांच्या वागण्यात शोधलेल्या बारीक खुणा खुणा नव्हत्याच. जिथे लेखकांनाच माहीत नव्हतं तिथे पुरावा कसा पेरला जाईल? म्हणून लेखकांच्या मुलाखती वाचताना एवढंच शोधा: शेवट आधी ठरला आहे असं ते म्हणतात की वाटेत ठरवतात? दुसऱ्या प्रकारच्या मालिकेत जुन्या भागांतल्या खुणांचं वजन निम्म्यावर आणा आणि चालू सीझनवर भर द्या.

दुसरी चूक, मोकळी जागा दिसली की त्यात रहस्य भरणं. त्याच मालिकेत माहीत असलेल्या सात नमुन्यांचे क्रमांक १ ते ६ आणि ८ असे होते. सातवा कुठे गेला? प्रेक्षकांनी हे बरोबर हेरलं, आणि २००९ मध्ये मालिकेने सांगितलं की सातवा डॅनियल होता आणि त्याची सगळी पिढी नष्ट केली गेली. लगेच थिअरी उभी राहिली की स्टारबक या वैमानिकेचा हरवलेला पियानोवादक बाप म्हणजेच डॅनियल. ऐकायला सुंदर, भावनेला पटणारी. पण पुरावा काय होता? डॅनियल कलावंत होता, बाप कलावंत होता, एवढंच. मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर यांनी तसा संबंध अभिप्रेत नसल्याचं स्पष्ट केलं आणि शेवटच्या भागातही तो आला नाही. दोन रिकाम्या जागा एकमेकींना शोभतात म्हणून त्या जोडलेल्या असतात असं नाही.

बाकीच्या चुका लहान आहेत. कपात चहा कमी-जास्त दिसणं, केसांची बट बदलणं या चित्रीकरणातल्या चुका असतात. ट्रेलरमधली दृश्यं मुद्दाम उलटसुलट क्रमाने लावलेली असतात, त्यामुळे त्यातून ‘काय’ घ्या, ‘कधी’ घेऊ नका. फुटलेली पटकथा वाचून सांगणं ही तर थिअरीच नव्हे. तो भाग गटाबाहेर ठेवावा.

गटात एक माणूस फक्त मोडण्याच्या कामावर नेमा. थिअरी मांडणाऱ्याने शेवटी एक वाक्य द्यायचं: ‘अमुक दिसलं तर माझी थिअरी संपली.’ विल्यमच्या थिअरीसाठी ते वाक्य असं झालं असतं: विल्यम आणि म्हातारा एका खोलीत समोरासमोर आले तर संपलं. ज्याला असं वाक्य देता येत नाही त्याची थिअरी कितीही भाग गेले तरी जिवंत राहते, आणि म्हणून ती काहीच सांगत नाही.

आणि लिहून ठेवा, तारखेसह. धक्का उघड झाला की पानठेल्यावर चार जण म्हणतात, ‘मले तं पयलेच मालूम होतं.’ त्यांना खरंच तसं वाटत असतं. उत्तर कळल्यावर मन जुना अंदाज बदलून टाकतं. कागद बदलत नाही.

गुण द्यायची चांगली रीत हवामानशास्त्रातून आली आहे. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये पावसाच्या अंदाजासारख्या टक्केवारीतल्या भाकितांसाठी ती मांडली. खात्री ० ते १ मध्ये लिहायची. गोष्ट घडली तर १, नाही घडली तर ०. दोन्हीतल्या फरकाचा वर्ग म्हणजे तुमचा दंड. ०.७ म्हणालात आणि घडलं तर दंड ०.०९. नाही घडलं तर ०.४९. ०.९ म्हणून तोंडघशी पडलात तर ०.८१. नेहमी ०.५ म्हणणाऱ्याचा दंड कायम ०.२५ राहतो. दहा-बारा भाकितांची सरासरी काढा. ०.२५ च्या खाली असाल तर तुमच्या वहीला अर्थ आहे, वर असाल तर तुम्ही खात्री फार स्वस्तात वाटत आहात. एखादं भाकीत बरोबर येण्यापेक्षा ही सरासरी खाली येणं जास्त मोलाचं.

कर्त्यांनाही हे सगळं ठाऊक असतं. एप्रिल २०१८ मध्ये, दुसरा सीझन येण्याआधी, ‘वेस्टवर्ल्ड’च्या जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांनी सगळं रहस्य फोडणारा व्हिडिओ देण्याचं प्रेक्षकांना कबूल केलं. २५ मिनिटांचा तो व्हिडिओ आला आणि त्यात रहस्य काहीच नव्हतं, रहस्याऐवजी जुनं गाणं ऐकवून केलेली थट्टा होती. प्रेक्षक ओळखणार हे धरूनच आता मालिका लिहिल्या जातात. त्यामुळे सगळ्यांना सापडलेली सोपी थिअरी कधी कधी मुद्दाम टाकलेलं आमिष असतं. त्यावर उपाय पुन्हा नियमाचाच: आमिष बहुधा एका पात्राच्या वागण्यावर उभं असतं, खरा धक्का जगाच्या नियमावर.

नेटफ्लिक्सवर नवा सीझन आपल्याकडे बहुधा दुपारी साडेबाराला किंवा दीडला उतरतो. हे अमेरिकेतल्या उन्हाळी वेळेवर अवलंबून असतं. त्या वेळी गटातले निम्मे वावरात असतात. सगळ्यांचं पाहून होईपर्यंत उत्तराबद्दल गटात एक शब्दही टाकायचा नाही, हा नियम आधीच ठरवून घ्या. शेवटच्या माणसाचं पाहून झालं की वह्या एकदम उघडायच्या.

पद्धत हाताला बसवायची असेल तर ‘डार्क’ न पाहिलेले आणि हा लेख न वाचलेले दोन-तीन मित्र गाठा. त्यांना पहिले चार भाग दाखवा, वहीत वयं लिहायला लावा आणि पाचवा भाग लावण्याआधी थांबवून मायकेल कोण, हे टक्केवारीसह लिहून घ्या. उत्तर पाचव्या भागाच्या शेवटी येतं.